‘माझा!’ म्हणायला शिकताना

पेणमधल्या एका शाळेच्या पटांगणावर पावसाळ्यात नेट बांधलं जात नाही. रायगडातला पाऊस मुरमाच्या मैदानाचा राडा करून टाकतो आणि शालेय स्पर्धा तर पाऊस सरायच्या आतच तोंडावर येऊन ठेपतात. म्हणून मुलींच्या व्हॉलीबॉलचा सराव व्हरांड्यात चालतो. शहाबादी फरशीवर खडूने एक ते सहा नंबरांचे गोल काढलेले, पुढे तीन, मागे तीन. प्रत्येक गोलात एक मुलगी उभी. चेंडू मात्र कपाटात बंद.

सर भिंतीपाशी उभे राहून सांगतात, “समोरून सर्व्हिस आली. चेंडू पाच आणि सहाच्या मध्ये.” त्याच क्षणी पाच किंवा सहा नंबरच्या मुलीने ओरडायचं असतं, “माझा!” मग बाकीच्या पाचजणींची धावपळ सुरू. जिने चेंडू मागितला नाही ती मागे सरून आधार देणार, चेंडू चढवून देणारी लिफ्टर नेटकडे पळणार, चार नंबरची मुलगी बाहेर जाऊन स्मॅशसाठी धाव घ्यायच्या तयारीत राहणार. न दिसणाऱ्या चेंडूभोवती सहा जणी हलतात. व्हरांड्यातून जाणारे इतर विद्यार्थी थबकून बघतात, काहींना हसूही येतं. सर पुन्हा नवी जागा सांगतात.

मोसमाच्या सुरुवातीला मात्र हा सराव पहिल्याच हाकेला अडतो. कुणी ओरडतच नाही. पाच नंबरवर नववीतली मुलगी असते, सहावर अकरावीतली. धाकटी मोठीकडे बघते, मोठी धाकटीकडे. घरात, वर्गात, बसच्या रांगेत मोठ्यांना आधी वाट द्यायची सवय अंगात मुरलेली असते. ‘ताई घेईल’ असं मनाशी म्हणून धाकटी थांबते आणि ताईला वाटतं, चेंडू तिच्या बाजूला आहे. खऱ्या मैदानावर असा चेंडू दोघींच्या मधोमध पडतो. शिवाय मुलींना लहानपणापासून हळू बोलायला शिकवलेलं असतं. पटांगणाच्या या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडणं हेच अनेकींना पहिल्यांदा शिकावं लागतं. हात जुळवून चेंडू उचलणं त्यानंतरचं.

सरांनी यावर दोन नियम केले आहेत. ‘माझा’ म्हणताना वय बघायचं नाही, हा पहिला. ‘तुझा’ किंवा ‘घे’ म्हणायचं नाही, हा दुसरा. ‘तुझा’ म्हणणारी स्वतः मोकळी होते आणि समोरचीला ते वेळेत ऐकू गेलं की नाही हे कुणालाच कळत नाही. ‘माझा’ म्हणणारी जबाबदारी अंगावर घेते आणि त्याच हाकेने बाकीच्या पाचजणींना आपलं काम कळतं. दोघी एकदम ओरडल्या तर पुढे येणारीने घ्यायचा, मागचीने तिच्या पाठीमागे जायचं. एवढं पक्कं झालं की निम्मा गोंधळ मिटतो.

हे सगळं शब्दांवर इतकं का अवलंबून, याचं उत्तर या खेळाच्या मोजमापातच आहे. मैदान १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद. महिलांसाठी नेटची उंची २.२४ मीटर, पुरुषांसाठी २.४३. शालेय पातळीवरची चांगली सर्व्हिससुद्धा सेकंद-सव्वा सेकंदात पलीकडच्या खेळाडूपर्यंत पोहोचते. चेंडू धरता येत नाही, थांबवता येत नाही. क्रिकेटमध्ये चेंडू हातात आला की विचार करायला वेळ मिळतो, कबड्डीत चढाईपटूचा श्वास टिकेल तोवर वाव असतो. व्हॉलीबॉलमध्ये चेंडूवर डोळे खिळलेले असतात, त्यामुळे शेजारची काय करते आहे ते दिसत नाही. कान तेवढे मोकळे असतात. शेजारच्या खेळाडूची खबर कानांनीच मिळवावी लागते.

व्हॉलीबॉलचा शोध १८९५ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होलिओक या कागद कारखान्यांच्या गावात लागला. तिथल्या वायएमसीएत काम करणाऱ्या विल्यम मॉर्गन यांना बास्केटबॉल झेपत नाही अशा प्रौढांसाठी कमी धसमुसळेपणाचा खेळ हवा होता. सुरुवातीला एका बाजूने चेंडूला कितीदा हात लावावा यावर बंधन नव्हतं. पुढे एकाने चेंडू उंच चढवायचा आणि दुसऱ्याने तो पलीकडे हाणायचा ही पद्धत फिलिपिन्समध्ये १९१६ च्या सुमारास रूढ झाली. मग प्रत्येक बाजूला तीनच स्पर्श असा नियम आला आणि खेळाचं रूप बदललं. पहिला स्पर्श चेंडू सावरण्याचा, दुसरा चढवण्याचा, तिसरा मारण्याचा. एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा हात लावता येत नाही, म्हणजे एकटीच्या बळावर तिन्ही कामं करणं शक्यच नाही. या नियमाने सहा जणांना एकमेकांशी बोलायला भाग पाडलं.

भारतात हा खेळ वायएमसीएच्याच वाटेने आला. पुरुषांच्या भारतीय संघाने आशियाई स्पर्धांत १९५८ साली टोकियोत कांस्य, १९६२ साली जकार्तात रौप्य आणि १९८६ साली सोलमध्ये पुन्हा कांस्यपदक मिळवलं. सोलच्या संघात केरळचे जिमी जॉर्ज होते, जे इटलीतल्या व्यावसायिक संघांकडूनही खेळले. रायगडात मात्र कबड्डीचा जोर. गावोगावी मंडळं कबड्डीची, गर्दी कबड्डीला. व्हॉलीबॉल टिकून आहे तो शाळा-महाविद्यालयांच्या पटांगणांवर आणि कामावरून सुटल्यावर संध्याकाळी खेळणाऱ्या माणसांमुळे.

पेणच्या मुलींची हाकांची यादी फार मोठी नाही, पण प्रत्येक हाकेची वेळ ठरलेली आहे. ‘आउट’ किंवा ‘सोड’ ही हाक चेंडू खेळाडूपर्यंत पोहोचण्याच्या आत आली तरच उपयोगाची. एकदा हात जुळले की ते मागे घेता येत नाहीत. खारेपाटातल्या गावांतून येणाऱ्या मुली आगरी वळणाने ‘सोर’ म्हणतात, शहरातल्या ‘सोड’. सरांनी कुणाचंच बोलणं बदलायला लावलं नाही. फक्त संघाने एक हाक ठरवावी एवढंच सांगितलं आणि मुलींनी ‘आउट’ घेतलं. ‘शॉर्ट’ म्हणजे समोरचीने स्मॅशचा आव आणून चेंडू नेटजवळ अलगद टाकला आहे, पुढे पळा. ‘फ्री बॉल’ म्हणजे समोरून सोपा चेंडू येतो आहे, ब्लॉक सोडून मागे या आणि हल्ला बांधा. ‘वर’ म्हणजे पहिला पास बिघडला आहे, आता नेमकेपणाच्या मागे न लागता चेंडू नुसता उंच उचला, म्हणजे सगळ्यांना सावरायला वेळ मिळेल.

सर्वांत अवघड हाक ‘टच’. समोरच्या स्मॅशला ब्लॉक करताना बोटांना चेंडू निसटता लागला तर ब्लॉक करणारीने ताबडतोब ‘टच!’ ओरडायचं. मागच्यांना तो स्पर्श दिसत नाही. त्या चेंडू बाहेर चालला म्हणून सोडून देतात आणि गुण समोरच्यांना जातो. ब्लॉकचा स्पर्श तीन स्पर्शांत धरत नाहीत, म्हणजे ‘टच’ ऐकू आलं तर संघाकडे अजून पूर्ण तीन संधी असतात. नखाला लागल्यासारखा भास झाला तरी ओरडायचं, अशी इथे शिकवण आहे. नेटपाशी उडी मारून खाली येता येता ओरडायला शिकण्यात काहींचा अख्खा मोसम जातो.

काही गोष्टी मात्र ओरडून सांगता येत नाहीत, समोरच्यांना कळतील. त्यासाठी हाताच्या खुणा. सर्व्हिस होण्याआधी पुढची खेळाडू पाठीमागे हात धरून बोटं दाखवते. एक बोट म्हणजे ब्लॉक कडेच्या रेषेची बाजू बंद करणार, दोन बोटं म्हणजे तिरका मारा अडवणार. मागच्यांनी उरलेली जागा सांभाळायची. लिफ्टरच्या खुणा वेगळ्या, कुणाला जवळचा झटपट चेंडू मिळेल आणि कुणाला कडेला उंच, ते सांगणाऱ्या. पावसाने उसंत दिल्यावर रोह्याच्या संघाबरोबर मैत्रीपूर्ण सामना ठरला, तेव्हा मी मुलींबरोबर पेणहून दिवा–रोहा गाडीत होतो. कासू गेलं, नागोठणं गेलं, निडी आलं. बाहेर भातशेतं हिरवीगार. आत समोरासमोरच्या बाकांवर परीक्षा चालली होती. एकीने पाठीमागे बोटं दाखवायची, दुसरीने उभी कुठे राहणार ते सांगायचं. चुकलं की पुन्हा. प्रवाशांपैकी एक आजी हे बराच वेळ निरखत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “काय गं पोरींनो, मुक्यांची शाळा का?” मुलींनी त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि पुढच्या खुणा आजींना विचारून पक्क्या केल्या.

रोह्याचं मैदान गावाच्या आतल्या अंगाला आहे. संध्याकाळी तिथे धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे काही जण पाळी संपवून खेळायला येतात. त्यांनीच मुलींसाठी फक्की मारून रेषा आखून दिल्या होत्या, खुणा केलेल्या बांबूने नेटची उंची तपासली होती. सामना सुरू झाला आणि दुसऱ्या सेटमध्ये पेणच्या नववीतल्या मुलीवर संकट आलं. रोह्याच्या सर्व्हिस करणारीने तिला बरोबर हेरलं. चेंडू तिच्याकडेच येऊ लागला. एक पास नेटपलीकडे गेला, दुसरा हातावरून घसरून बाहेर. तिसरा थेट छतावर जावा तसा उंच उडाला आणि मागे पडला.

आता इथे काय बोलायचं, हा या खेळातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पूर्वी फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नियम बदलला आणि प्रत्येक रॅलीला गुण सुरू झाला. २५ गुणांचा सेट. त्यामुळे प्रत्येक चूक फलकावर ताबडतोब दिसते आणि चूक करणारीला लपायला जागा नसते. शिवाय फिरत्या क्रमामुळे कमकुवत खेळाडूलाही मागे-पुढे सगळीकडे उभं राहावंच लागतं. तिचा धीर खचला तर संघाची एक बाजू उघडी पडते.

पेणच्या मुलींनी आधी ठरल्याप्रमाणे वर्तुळ केलं. प्रत्येक गुणानंतर, जिंकला वा हरला, सहाही जणी मध्ये येऊन हाताला हात लावतात. त्या वर्तुळात ‘सॉरी’ म्हणायला बंदी आहे, कारण ‘सॉरी’ म्हटलं की बाकीच्यांना सांत्वन करावं लागतं आणि पुढच्या चेंडूचा वेळ त्यात जातो. कपाळाला हात लावणं, मान हलवणं, चूक करणारीकडे रोखून बघणं यांनाही बंदी. तोंडाने न बोलताही ते सगळं बोललं जातं. वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेली लिबेरो, म्हणजे मागच्या रांगेत बचाव करणारी खेळाडू, तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, “तू फक्त कडेची रेषा बघ. मधला सगळा मी घेते. आणि अर्धं पाऊल पुढे ये.” पलीकडून सर्व्हिस आली. या वेळी चेंडू दोघींच्या मध्ये होता. लिबेरोने “माझा!” म्हणून तो उचलला, लिफ्टरने कडेला चढवला, स्मॅश रोह्याच्या रेषेच्या आत पडला. त्यानंतरची सर्व्हिस पुन्हा त्या मुलीकडे आली, तेव्हा तिने स्वतः “माझा!” म्हटलं. पास काही सुरेख नव्हता, पण उंच गेला आणि खेळ चालू राहिला.

संघातली सकारात्मक वृत्ती म्हणतात ती मला त्या तीन वाक्यांत दिसली. ‘काही नाही होत’, ‘चालतंय’, ‘कमॉन’ हे शब्द वाईट नाहीत, पण चुकलेल्या खेळाडूच्या हाती ते काही देत नाहीत. तिला नेमकं ठाऊक हवं असतं की पुढच्या चेंडूला काय वेगळं करायचं आणि आपल्या मागे कोण आहे. लिबेरोने तिची जागा कमी केली, काम सोपं केलं आणि ते सौम्य आवाजात सांगितलं. चांगली वृत्ती म्हणजे आपुलकीने दिलेली उपयोगाची सूचना. ‘माझा’ आणि ‘टच’ जसे सरावाने येतात, तसंच हे बोलणंही सरावानेच येतं. म्हणूनच पेणचे सर व्हरांड्यातल्या सरावात मुद्दाम चूक घडवतात, “पास बिघडला” असं सांगतात आणि वर्तुळात कोण काय बोलतं ते ऐकतात. नुसतं कौतुक आलं तर विचारतात, “बरं, मग आता तिने करायचं काय?”

राखीव खेळाडूंनाही यातून सुटका नाही. बाहेर बसलेल्यांपैकी एकीकडे समोरची लिफ्टर पुढच्या रांगेत आहे की मागच्या, हे लक्ष ठेवण्याचं काम असतं. ती मागे गेली की समोरून तीन जणी पुढच्या रांगेतून मारू शकतात, पुढे आली की दोघीच. प्रत्येक फिरतीला बाकावरून “तीन!” किंवा “दोन!” अशी हाक येते आणि ब्लॉक त्याप्रमाणे उभा राहतो. मैदानात न उतरताही त्या मुलीचा सामन्यात वाटा राहतो, म्हणून ती रुसून बसत नाही. हा सामना रोह्याने जिंकला. दोन्ही संघांनी एकत्र वडापाव खाल्ला आणि पेणच्या मुलींनी रोह्याच्या लिफ्टरकडून तिच्या खुणा विचारून घेतल्या. तिने त्यातल्या दोन सांगितल्या, बाकीच्या राखून ठेवल्या.

शालेय स्पर्धांच्या मोसमात तालुक्याच्या ठिकाणी सामने बघायला पालक येतात, गावकरी येतात, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांना एकच विनंती आहे. चेंडू खेळात असताना कडेवरून “घे गं!”, “सोड!” असं ओरडू नका. मैदानात सहा मुली एकमेकींच्या हाकांवर खेळत असतात आणि तुमचा आवाज त्या हाका बुडवतो. रॅली संपल्यावर मनसोक्त टाळ्या वाजवा, हरलेल्या गुणालासुद्धा. आणि घरी आल्यावर ‘किती गुण केलेस?’ हे विचारायच्या आधी ‘किती वेळा माझा म्हणालीस?’ हे विचारा.