एंजिनाला जोडलेला भाता

लोहाराच्या भट्टीतील कोळसा भात्यावाचूनही जळतो. परंतु त्या जळण्याने लोखंड लाल होत नाही. भात्याचा वारा लागला की तोच कोळसा फुलून येतो. मोटारगाडीच्या एंजिनाची स्थिती याहून फारशी निराळी नाही. पेट्रोल हवे तितके ओतता येईल. पण त्याचा एक ग्रॅम पुरतेपणी जाळण्यास सुमारे १५ ग्रॅम हवा लागते आणि ती हवा एंजिनाला स्वतःच्या श्वासाने ओढून घ्यावी लागते. दट्ट्या खाली सरकला की सिलिंडरात पोकळी होते व बाहेरची हवा तीत शिरते. वातावरणाचा दाब जेवढा, तेवढीच ती शिरणार. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? या मर्यादेवर उपाय म्हणून हवा बाहेरच दाबून मग ती सिलिंडरात कोंबणारे यंत्र योजतात. त्या यंत्रास सुपरचार्जर आणि त्याच्या क्रियेस अतिभरण असे म्हणतात.

भात्याची उपमा येथे केवळ सोयीची नव्हे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल येथे फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले, ते पुढे ओतशाळांच्या भट्ट्यांना वारा घालू लागले. परस्परांत गुंतून फिरणाऱ्या दोन पाळींच्या मधून हवा पुढे ढकलण्याची ही युक्ती आजही मोटारींच्या एंजिनांवर दिसते. एंजिनात हवा दाबून भरण्याची कल्पना जर्मनीत गॉटलीप डाइमलर याने १८८५ मध्ये पेटंटात नोंदविली. दुसरी जात आहे ती केंद्रोत्सारी यंत्राची. तिच्यात पंख्यासारखे एक चक्र अतिवेगाने फिरते व हवा परिघाकडे भिरकावून देते. १९५० नंतरच्या दशकात रॉबर्ट पॅक्स्टन मॅकलक या अमेरिकन उद्योजकाने अशी यंत्रे मोटारींसाठी बाजारात आणली. १९५७ च्या स्टुडबेकर गोल्डन हॉक गाडीत ती कारखान्यातूनच बसवून मिळत. लंडनचा जुना पूल १९६८ मध्ये विकत घेऊन तो ॲरिझोनाच्या वाळवंटात उभा करविणारा गृहस्थ तो हाच.

मध्यम आकाराच्या गाडीत मोठे आठ सिलिंडरांचे एंजिन बसवून ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकावयाची, ही पद्धत अमेरिकेत १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून रूढ झाली. अशा गाड्यांना तेथे ‘मसल कार’, म्हणजे स्नायूंची गाडी, म्हणतात. धुराविषयीचे कायदे, वाढते विमाहप्ते आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी ते पहिले पर्व संपविले. पुढे त्याच वळणाची जी गाडी सामान्य हौशी माणसाच्या हाती आली, ती फोर्ड कंपनीची १९७९ ते १९९३ या काळात विकली गेलेली ‘फॉक्स’ आराखड्याची मस्टँग. १९८७ पासून तिच्या ५ लिटर एंजिनाची शक्ती २२५ अश्वशक्ती सांगितली जात असे. अतिभरणाचा तयार संच विकत आणून घरच्या गॅरेजात बसविण्याचे प्रयोग या गाडीवर इतके झाले की, तिच्याकडे या विषयाचे पाठ्यपुस्तक म्हणून पाहता येईल.

या एंजिनाचा श्वास किती मोठा आहे, हे प्रथम पाहू. चार टप्प्यांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. मिनिटाला ४,२०० फेरे होत असता ५ लिटरचे एंजिन फार तर १० हजार लिटरांच्या आसपास हवा ओढील. तिचे वजन सुमारे १२ किलोग्रॅम भरते. आता सुपरचार्जरने वातावरणाच्या दाबावर दर चौरस इंचास ६ पौंड इतका जादा दाब दिला असे समजा. नव्या संचांत हाच आकडा सामान्यतः आढळे. मूळचा दाब १४.७ पौंड असल्यामुळे एकूण दाब १.४ पट झाला. मग हवाही १.४ पट आत गेली, असे म्हणता येईल काय?

येथे सायकलचा पंप आठवावा. चार-सहा वेळा जोराने दाबल्यावर त्याचे बूड हाताला चटका देते. दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. २७ अंश सेल्सियसची हवा १.४ पट दाबली, तर आदर्श यंत्रातही ती सुमारे ३० अंशांनी तापेल. प्रत्यक्षातील चक्र तितके निर्दोष नसल्याने ती ७५ अंशांपर्यंत सहज जाते. या तापमानाचा हिशेब धरला की हवेची घनता १.४ पट न होता जेमतेम १.२ पट होते. निम्मा लाभ उष्णतेने खाल्ला. तीच हवा वाटेत एका शीतकातून नेऊन ४५ अंशांवर आणली, तर घनता १.३ पटीच्या वर जाते. म्हणूनच पुढील काळातील संचांत शीतक हा अलंकार न राहता आवश्यक भाग झाला. शिवाय हवा दाबण्याचे श्रम एंजिनालाच करावे लागतात. चक्र फिरविणारा पट्टा एंजिनाच्या पुढच्या कप्पीवरूनच निघतो, आणि वरील उदाहरणात त्या कामी पंधरा-एक अश्वशक्ती खर्ची पडते.

संच बसविणे हे काम पाना-पकड चालविता येणाऱ्या माणसास अशक्य नाही. केंद्रोत्सारी यंत्र एंजिनाच्या अंगाला एका जाड कंसावर चढवितात. पट्ट्याची फिरत व पेटीतील दातेरी चाके मिळून त्याचे चक्र मिनिटाला ४० हजारांहून अधिक फेरे घेते. या वेगाला वंगण अखंड लागते. पुष्कळ संचांत ते एंजिनाच्या तेलातूनच घेतात व परत तेलाच्या पात्रात सोडतात. त्याकरिता पात्राला भोक पाडावे लागते. नव्या गाडीच्या मालकाला सर्वांत जड जाणारी पायरी बहुधा हीच असावी.

खरा धोका मात्र निराळ्या जागी आहे. हवा वाढविली तर पेट्रोलही त्या प्रमाणात वाढावयास हवे. या मस्टँगच्या आठ पिचकाऱ्यांपैकी प्रत्येकीतून तासाला सुमारे ८.६ किलोग्रॅम पेट्रोल सुटते. मूळ एंजिनास ते पुरते, अतिभरणास पुरत नाही. सुरुवातीच्या संचांनी यावर एक साधा तोडगा काढला होता. हवेचा दाब वाढला की पेट्रोलचा दाब त्याच्या कित्येक पटींनी वाढविणारी एक झडप ते देत. पण पिचकारीतून सुटणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढते. प्रवाह दुप्पट हवा तर दाब चौपट करावा लागतो, आणि त्या दाबापुढे टाकीतला मूळ पंप दमतो. मग दुसरा पंप जोडावयाचा. १९८९ पासून या सर्व गाड्यांत तापलेल्या तारेवरून वाहणारी हवा मोजणारे मापक आले. मोठ्या पिचकाऱ्यांचा हिशेब त्याच्याशी जुळवून देणे अधिक सुकर झाले.

पेट्रोल कमी पडले, किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर जे घडते त्यास यांत्रिकांच्या भाषेत ठोका म्हणतात. नेहमीच्या ज्वलनात ज्योत ठिणगीपासून निघून कडेकडे पसरत जाते. परंतु कोपऱ्यात उरलेले मिश्रण आधीच तापलेले व दाबलेले असेल, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच ते एकदम पेट घेते. दाबाच्या लाटा सिलिंडराच्या भिंतींवर आदळतात व बाहेर खड्यांसारखा खडखडाट ऐकू येतो. ही लक्षणे काही क्षण टिकली तरी पुरे. दट्ट्याच्या कड्यांमधील भिंत तुटते, नाहीतर माथ्याखालचे गॅस्केट उडते. म्हणून जादा दाबाखाली ठिणगी काही अंश उशिरा पाडतात आणि अधिक ऑक्टेनचे पेट्रोल वापरतात. १९९२ पर्यंतच्या या एंजिनांत ठोकून घडविलेले दट्टे होते. १९९३ मध्ये अधिक सिलिकॉनचे ओतीव दट्टे आले. ते रोजच्या वापरात उत्तम, पण ठोक्यापुढे ठिसूळ.

दट्टे वाचले तरी ओतीव लोखंडाचे धड शिल्लक राहते. ५०० अश्वशक्तीच्या पलीकडे गेल्यावर या एंजिनाचे धड उभे दुभंगल्याची उदाहरणे हौशी मंडळींत सर्वश्रुत आहेत. पाच गतींची गियरपेटी त्याआधीच दाते टाकते. मागच्या चाकांना तर साधे ढोलाचे ब्रेक होते! वेग वाढविणाऱ्याने थांबण्याचा विचार आधी करावा, ही गोष्ट संचाच्या पेटीत मिळत नाही. कॅलिफोर्नियात आणखी एक अट आहे: तेथील हवा-संसाधन मंडळाने तपासून सूट दिलेला संचच रस्त्यावरच्या गाडीस लावता येतो, आणि त्या आदेशाचा क्रमांक धूरतपासणीच्या वेळी दाखवावा लागतो.

सर्व जोडून झाल्यावर जाणता यांत्रिक लगेच शर्यतीला निघत नाही. तो बंदिस्त मार्गावर एकदा पुरा दाब देऊन गाडी धावडवितो, एंजिन तेथल्या तेथे बंद करतो आणि ठिणगीच्या आठही गुड्या काढून भिंगाखाली धरतो. चिनीमातीचा रंग फिकट तपकिरी असेल, तर मिश्रण ठीक आहे. तो पांढराफटक असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे. आणि त्यावर चमकणारे बारीक ठिपके आढळले, तर ते ॲल्युमिनियमचे कण होत. दट्ट्याचा माथा झिजू लागला आहे. अशा वेळी तो पट्टा उतरवितो, मोठी कप्पी घालून दाब कमी करतो आणि पिचकाऱ्यांपासून पुन्हा तपासावयास लागतो.