आडोसा की आधार?

मी इंजिनियर नव्हे. बांधकामावरील मजुरांची संघटना करता करता गवंड्या-सुतारांकडून जे शिकलो, तेवढेच आपणांपुढे मांडतो.

भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले. पण जुने वाडे अद्याप उभे आहेत, आणि काहींच्या पोटात तळघरेही आहेत. घरात माणसे वाढली की तळघरातील भिंत फोडून जागा मोकळी करण्याचा मोह होतो. अशाच एका कामावर आमचा एक सोबती ढिगाऱ्याखाली सापडला. जीव वाचला, पाय गेला. मालक म्हणाले, "ती भिंत नुसता आडोसा होती हो!" ती आडोसा नव्हती, आधार होती.

हा फरक ओळखावा कसा? प्रथम छताकडे पाहावे. कड्यांची टोके ज्या भिंतीवर टेकतात, ती भार वाहते. तुळई टेकली असेल, किंवा वरच्या मजल्याची भिंत बरोबर तिच्यावर आली असेल, तरीही तेच. कड्यांना समांतर असलेली पातळ भिंत बहुधा आडोसा असते. परंतु तिच्यात लाकडी खांब दडलेला नाही ना, हे आधी पाहावे.

पूर्वी कोणी हात लावला असेल तर घर स्वतःच सांगते. मातीच्या दर्जांत मध्येच सिमेंट दिसते. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. वरच्या खोलीचे दार अडकू लागते. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली, तर भिंत अजून हलते आहे.

दुरुस्तीत पहिला मान धिऱ्यांचा. धिऱ्याखाली जाड फळी घालावी, म्हणजे भार जमिनीवर पसरतो. पाचर हळूहळू ठोकावी. खचलेले छत एका दिवसात उचलू पाहणे म्हणजे नवी भेग मागून घेणे. मग भिंत थराथराने भरावी, जुन्या दगडांत नवे दगड गुंतवावेत, आणि मधून मधून दोन्ही तोंडांना सांधणारा लांब दगड घालावा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची दोन तोंडे एकमेकांपासून सुटली आणि हजारो माणसे गाडली गेली. त्यात अशा दगडांचा अभाव हे एक मोठे कारण होते. तुळईखालची शेवटची फट मात्र गच्च भरावी. ती पोकळ राहिली तर नवी भिंत नुसती शोभेची. चुना-सिमेंट मुरल्यावरच धिरे एकेक करून काढावेत. भोर-वेल्ह्याकडील पाऊस पाहता पायाशी पाणी साचू न देणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

हे सारे जाणत्या इंजिनियरला दाखवूनच करावे. त्याची फी एका पायाहून महाग नाही. आणि मजूर बंधूंनो, पहार उचलण्यापूर्वी विचारा, "धिरे कोठे आहेत?" उत्तर मिळेपर्यंत पहार खालीच राहू द्या.