हलवून घालायचं औषध

उसाचं पातं सपकन डोळ्याला लागतं, मळणीत भाताचं तूस उडतं. मजूर डोळा चोळतो आणि कामाला लागतो. चार-आठ दिवसांत डोळा लाल होतो, पाण्याच्या धारा लागतात, उजेड सोसवत नाही. बुबुळावरच्या खरचट्यात बुरशी रुजलेली असते. व्रण बरा झाला तरी अनेकदा फूल पडतं आणि दृष्टी अधू होते.

या बुरशीवर औषध कोणतं घालावं, याचा स्पष्ट निकाल मदुराईत लागला. तिथलं अरविंद नेत्र रुग्णालय मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी सर्वांना ठाऊक आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 1976 मध्ये 11 खाटांवर ते सुरू केलं. शेतातून थेट येणारे बुबुळाचे रुग्ण तिथे इतके, की सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रॉक्टर फाउंडेशनचे संशोधक टॉम लिटमन यांनी अरविंदच्या वेंकटेश प्रज्ञा यांच्याबरोबर चाचणी उभारली.

एका बाजूला नॅटामायसिन. 1950 च्या दशकात सापडलेलं, चीजच्या सालीवर बुरशी येऊ नये म्हणूनही वापरलं जाणारं हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही. बाटली हलवून घालायचं, तरी त्याचा पांढरा थर व्रणावर चिकटून बसतो. बुबुळात खोलवर ते फारसं शिरतही नाही. दुसऱ्या बाजूला नवं, महाग, स्वच्छ पारदर्शक व्होरिकोनाझोल. ते आत मुरतं, प्रयोगशाळेत बुरशीवर छान चालतं. अनेक डॉक्टरांचा कौल त्याच्याच बाजूने होता, आणि कागदावर पाहिलं तर तो चूकही नव्हता.

आधी 120 रुग्णांवर केलेल्या छोट्या चाचणीत ठोस फरक दिसला नव्हता. मग 2010 पासून 323 रुग्ण घेतले. बुबुळ खरवडून काढलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसले, तरच रुग्ण चाचणीत. मग जागेपणी दर तासाला एक थेंब. तीन महिन्यांनी चष्मा लावून अक्षरांच्या तक्त्यावर दृष्टी मोजायची.

2013 मध्ये निकाल छापून आला आणि जुनं औषध जिंकलं. फ्युझेरियम जातीच्या बुरशीत तर नॅटामायसिनवाल्यांची दृष्टी तक्त्यावर सरासरी चार ओळींनी सरस निघाली. व्होरिकोनाझोल घेतलेल्यांत बुबुळाला भोक पडण्याचं किंवा तातडीने बुबुळ बदलण्याचं प्रमाणही जास्त होतं. आत मुरणारं औषध हरलं कसं, याचं एका वाक्यात उत्तर नाही. फ्युझेरियमवर त्याचा मारा कमी पडला, एवढं मात्र आकड्यांत दिसतं.

एवढ्यावर खूश होण्यात अर्थ नाही. नॅटामायसिन घेऊनही डोळे जातात. अधिक बिघडलेल्या डोळ्यांसाठी भारत आणि नेपाळमधल्या 240 रुग्णांवर पुढची चाचणी झाली: थेंबांच्या जोडीला व्होरिकोनाझोलच्या गोळ्या देऊन फायदा होतो का? 323 रुग्णांचा निकाल आल्यावर या चाचणीतल्या सगळ्यांनाच नॅटामायसिनही सुरू करावं लागलं. गोळ्यांनी मात्र एकूण रुग्णांत भोकं पडणं कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही.

शिवाय रोजंदारीवर जाणाऱ्याने तासातासाला थेंब घालायचे कसे? त्याआधी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब घेतलेले असतात. त्यांनी लाली उतरते, आत बुरशी मोकाट वाढते. रुग्णालयात पोचेपर्यंत भोक पडायच्या बेतात आलेले डोळे 323 रुग्णांच्या चाचणीत घेतलेच नव्हते, त्यामुळे ते चार ओळींचं यश त्यांच्या वाट्याचं नाही. त्यांना लागतं दान केलेलं बुबुळ, आणि ते वेळेवर मिळेलच असं नसतं.