राहिली म्हणजे माफ केलं?

जोडीदाराने बाहेरख्यालीपणा केला तरी लॅटिनो घरातली बाई शेवटी माफच करते. कॅथलिक धर्म आणि कुटुंबाचा धाक तिला दुसरं काही करूच देत नाही, असा एक पक्का समज आहे. तेलेनोवेलांनी, म्हणजे तिकडच्या टीव्ही मालिकांनी, त्याला खतपाणी घातलं हे खरं, पण विद्वानही नामानिराळे नाहीत. येशूची आई मरियम हिच्यासारखी सोशिक स्त्री हा लॅटिन अमेरिकेचा आदर्श, अशी मांडणी एव्हलिन स्टीव्हन्स यांनी १९७३मध्ये केली आणि पुढे ती सरसकट सगळ्यांना चिकटवली गेली. प्रत्यक्षात उरुग्वेने १९१३मध्येच निव्वळ पत्नीच्या इच्छेवरून घटस्फोट मान्य केला होता. चिलीत घटस्फोटाचा कायदा यायला २००४ उजाडलं. यातली ‘लॅटिन संस्कृती’ नेमकी कोणती? अमेरिकेतल्या लॅटिनो प्रौढांत स्वतःला कॅथलिक म्हणवणारेही, प्यू संस्थेच्या पाहण्यांनुसार, २०१०मधल्या ६७ टक्क्यांवरून २०२२मध्ये ४३वर आले.

खरा घोटाळा होतो तो राहणं आणि माफ करणं एकच धरल्यामुळे. सूड घ्यायचा नाही असं ठरवणं वेगळं आणि मनातला राग ओसरणं वेगळं, हा फरक मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी नीट दाखवला आहे. राग ओसरणार की नाही, यात भावबंधाचा, म्हणजे जवळच्या माणसाशी आपण कसे जोडले जातो याचा, मोठा वाटा असतो. मानसोपचारतज्ज्ञ बोल्बी यांचा बाल्यावस्थेतल्या भावबंधाविषयीचा सिद्धांत हेझन आणि शेव्हर यांनी १९८७मध्ये प्रौढांच्या प्रेमाला लावला. सोडून जाईल या भीतीने ग्रासलेला माणूस ‘झालं गेलं विसरू’ असं चटकन म्हणतो आणि महिनोन्‌महिने रात्री उठून जोडीदाराचा मोबाइल चाळतो. जवळीक टाळणारा भांडतसुद्धा नाही. त्याच घरात राहून मनाने कधीच निघून गेलेला असतो. शेजाऱ्यांच्या लेखी दोघंही क्षमाशील.

मग संस्कृतीचा काहीच संबंध नाही का? आहे ना. ‘मुलांकडे बघून सांभाळून घे’ हे आई-मावश्यांचं सांगणं सहज धुडकावता येत नाही. पण हा दाब निर्णयावर पडतो. मन त्याने निवळत नाही. शिवाय घर सोडून आलेल्या बहिणीला थारा देणारी माणसंही त्याच गोतावळ्यातली. आणि स्थलांतरितांचं दुखणं कित्येकदा संस्कृतीचं नसतंच, कागदांचं असतं. अमेरिकी नागरिकाशी लग्न होऊन दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरतं आणि सशर्त मिळतं. ती अट काढण्याचा अर्ज साधारणपणे दोघांच्या सहीने जातो. घटस्फोट किंवा छळ झाला असेल तर एकटीला अर्ज करता येतो, पण लग्न खरं होतं याचे पुरावे तिलाच जमवावे लागतात. अशी बाई सही होईपर्यंत कळ काढत असेल, तर तिच्या सोशिकपणाचं श्रेय मरियमेला देण्याआधी समुपदेशकाने कार्डावरची तारीख बघावी.