नाण्यांची मांडणी आणि जपणूक

नाणे लोकांना दाखवावयाचे तर त्याला उजेडात आणावे लागते. टिकवावयाचे तर हात, हवा आणि ओल यांपासून दूर ठेवावे लागते. संग्रह करणाऱ्याचा हा नेहमीचा पेच. आपल्या उमरेडकडच्या जुन्या घरांतही एखादी शिवराई, एखादा तोळाभर वजनाचा राणीछाप रुपया निघतो. म्हणून या पेचाचा उलगडा आपण सर्वांनीच करून घ्यावा.

प्रथम श्रेणी म्हणजे काय ते पाहू. विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थांनी १९४९ मध्ये आपल्या देशातील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणांची पट्टी मांडली. पुढे ती इतर नाण्यांनाही लावण्यात आली. झीज, चकाकी, ओरखडे तपासून परीक्षक गुण देतात आणि नाणे पारदर्शक, कठीण डबीत बंद करून देतात. म्हणजे गुण मिळतात ते मुख्यतः पृष्ठभागाला, आणि आपण पहिला घाला घालतो तोही त्याच्यावरच! चिंच किंवा राख लावून घासलेला रुपया लखलखतो खरा. पण त्याची मूळ कांती कायमची जाते. म्हणून नाणे घासू नये, आणि धरावे ते कडेने.

मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांत पुष्कळदा पीव्हीसी असते. काही वर्षांनी तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो तो त्यामुळे. त्याऐवजी पॉलिएस्टरचे पाकीट घ्यावे. रबर आणि लोकर यांतील गंधकाने चांदी काळवंडते. ती जवळ नकोत. परीक्षकांची डबीदेखील पूर्ण हवाबंद नसते. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी व वेळोवेळी बदलावी.

आता मांडणी. डब्या उतरत्या फळीवर, काळानुक्रमे, मोजक्याच ठेवाव्यात. चांदीखाली गडद रंग, तांब्याखाली फिकट रंग उठून दिसतो. दिवा बाजूने तिरपा असावा, म्हणजे अक्षरे उठतात. उन्हाची तिरीप मात्र नको. मागची बाजू दिसावी म्हणून शेजारी तिचे मोठे छायाचित्र लावावे.

परंतु गुण म्हणजे सर्वस्व नव्हे. हाताने ठोकलेल्या शिवराईवर अक्षरे अर्धीच उमटलेली असतात. तिचे मोल यंत्रात पाडलेल्या नाण्याच्या मापाने कसे ठरणार? १९३९ मध्ये वऱ्हाडात, आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे, सातवाहनांची दीड हजारांहून अधिक नाणी एकत्र सापडली. नागपूरचे पंडित वा. वि. मिराशी यांनी ती अभ्यासली, आणि कुंभ, कर्ण, शक अशा सातकर्णी राजांची नावे उजेडात आली. तीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर हा पुरावा विखुरला असता.

जमिनीतले धन बहुधा कष्टकऱ्याच्याच कुदळीला लागते. म्हणून त्याला हे सांगणे आम्ही आपले काम समजतो, की १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. आणि घरात वारशाने आलेल्या नाण्याजवळ एक चिठ्ठी ठेवावी : कोणाचे, कोठले, कसे आले. गुणांचा आकडा परीक्षक देतील. ही माहिती घरातल्या वडीलधाऱ्यांपाशीच असते. ती त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावी.