हृदय थांबल्यावर किडनी किती वेळ टिकते?

बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरसारख्या गावात कुणी घरी वारलं आणि घरच्यांनी ‘किडनी दान करायची आहे’ म्हणून फोन केला, तर डॉक्टरांना नाही म्हणावं लागतं. दानाचा अर्ज आधीच भरलेला असला तरीही. घरच्यांना ते लागतं, पण अडचण कागदाची नसते, वेळेची असते.

हृदय थांबलं की रक्त थांबतं. शरीर मात्र लगेच गार पडत नाही. त्या उबेत किडनीच्या पेशी प्राणवायू मागतच राहतात, तो मिळत नाही म्हणून मरू लागतात. अर्धा-पाऊण तास गेला की धोका झपाट्यानं वाढतो. डोळ्यांचं तसं नाही. साधारण ६ तासांत नेत्रदान करता येतं, म्हणून ते घरी मृत्यू झाला तरी होतं.

आपल्याकडे मृत्यूनंतरचं किडनीदान बहुतेक वेळा मेंदूमृत रुग्णांकडून होतं, कारण व्हेंटिलेटरवर त्यांचं हृदय चालू असतं. पण १९९४ च्या कायद्यात हृदय आणि श्वास कायमचे थांबणं हासुद्धा मृत्यूच आहे. चंदीगडच्या पीजीआयमध्ये अशा दात्यांच्या किडन्या बसवल्या गेल्या आहेत. यात बरं होण्याची आशा उरली नाही की घरचे आणि डॉक्टर मिळून व्हेंटिलेटर काढायचं ठरवतात. हृदय थांबल्यावर काही मिनिटं कुणी हात लावत नाही. मृत्यू जाहीर झाल्यावरच अवयव काढणारी वेगळी टीम पुढं येते. व्हेंटिलेटर काढण्याची रीत सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये घालून दिली, २०२३ मध्ये सोपी केली; कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये त्याचा आदेश काढला. हा रस्ता मोकळा नसेल तर पुढची सगळी यंत्रं असून नसल्यासारखी.

मग सुरू होतं गार करणं. रक्तवाहिनीतून थंड द्रावण सोडून आतलं रक्त धुतात. सुमारे ४ अंशांवर पेशींची भूक दहाव्या हिश्शावर येते. साधं पाणी चालत नाही, त्यानं पेशी फुगतात. म्हणून खास द्रावण लागतं. किडनी एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांत घालून बर्फाच्या पेटीत ठेवतात. बर्फ थेट लागू द्यायचा नाही, गोठली की ती गेलीच.

पेटीत किडनी सुमारे २४ तास टिकते, जितकी लवकर बसेल तितकं चांगलं. थंड द्रावण सतत फिरवणारं यंत्रही आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत, यंत्रावर ठेवलेल्या किडन्या पेटीतल्यांपेक्षा लवकर कामाला लागल्या. पण ते महाग पडतं. हृदय थांबलेल्या दात्याची किडनी बरेचदा काही दिवस ‘झोपलेली’ असते. तोवर डायलिसिस चालू राहतं. म्हणजे ऑपरेशन फसलं असं नव्हे.

बिदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे पेटीला अंतराची भीती नाही. पहिला अर्धा तास महत्त्वाचा. आणि २०२३ पासून केंद्रानं रहिवासी दाखल्याची अट काढायला सांगितल्यामुळे किडनी हवी असलेल्या रुग्णाला दुसऱ्या राज्यातही नाव नोंदवता येतं. कर्नाटकात ‘जीवसार्थकते’, तेलंगणात ‘जीवनदान’, तर सोलापूरसाठी पुण्याचं विभागीय समन्वय केंद्र ही यादी सांभाळतं.

दात्यानं कार्ड भरलेलं असलं तरी प्रत्यक्षात घरच्यांची संमती लागतेच. ती इच्छा आयसीयूतल्या डॉक्टरांच्या कानावर व्हेंटिलेटर काढण्याआधी घालायची, नंतर नाही.