चाकाला बांधली लाल चिंधी!

एक कोडं घालू? ही पाच वाक्यं वाच.

अमेरिकेत मॉर्मन नावाची माणसं राहतात. ती घरात वीज घेत नाहीत. मोटारीत बसत नाहीत. घोडागाडीतून फिरतात. आणि टीव्हीचं तर नावच काढायचं नाही!

यातली खरी किती?

एक! फक्त पहिलं. बाकीच्या सगळ्या थापा!

आणि गंमत म्हणजे या थापा खुद्द अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या माणसांना खऱ्या वाटतात.

असं कसं झालं? वर्गात शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन मुलांची नावं बाई नेहमी उलटसुलट करतात ना, तसं! घोडागाडीवाले अमेरिकेत आहेत, पण ते मॉर्मन नव्हेत. ते आमिश. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना या राज्यांत त्यांची शेतं आहेत. त्यांचा पंथ १६९३ साली युरोपात निघाला. मॉर्मन त्या मानानं अगदी अलीकडचे. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणानं १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्यांचं चर्च काढलं. आज त्यांचं मुख्य ठाणं आहे यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. पेनसिल्व्हेनियापासून हजारो किलोमीटर दूर!

दोघेही ख्रिस्ताला मानतात. दोघांचे नियम कडक. मग काय, लोकांनी दोघांना एकाच डब्यात कोंबलं!

बरं, आमिश तरी यंत्रांचे शत्रू आहेत का? तसंही नाही हं! नवी वस्तू आली की ते विचारतात, हिच्यामुळे घरातली, शेजारची माणसं एकमेकांपासून दूर जातील का? म्हणून कितीतरी गावांत फोन घरात नसतो, पण शेताच्या कडेला छोट्याशा खोपट्यात असतो! बोलायचंय? चालत जा, बोला, परत या. मला तर ही युक्ती फार आवडते.

पण आपली गोष्ट मॉर्मनांची. आणि ती सुरू होते एका चिंधीपासून.

साल १८४७. मॉर्मनांचं शेजाऱ्यांशी पटेना. मारामाऱ्या, जाळपोळ झाली होती. जोसेफ स्मिथला १८४४ साली जमावानं ठार मारलं होतं. शेवटी त्यांचा नवा पुढारी ब्रिगहॅम यंग म्हणाला, चला पश्चिमेला! पहिली तुकडी निघाली. दीडशेच्या आसपास माणसं, सत्तरहून जास्त गाड्या. कापडाची छतं, पुढे बैल नाहीतर घोडे नाहीतर खेचरं. आजच्या नेब्रास्कातलं सपाट गवताळ रान. दगड नाही, फलक नाही, काही नाही!

रोज संध्याकाळी एकच वाद. आज किती चाललो? एक म्हणे दहा मैल. दुसरा म्हणे छे, चौदा तरी!

रोजची नोंद ठेवायचं काम होतं विल्यम क्लेटनकडे. हा माणूस मोठा टापटिपीचा. अंदाजपंचे हिशोब त्याला सहन होईना. मग त्यानं काय केलं असेल?

त्यानं एका गाडीचं चाक मोजलं. चाकाचा घेर भरला १४ फूट ८ इंच. मग त्यानं गणित मांडलं. एक मैल म्हणजे ५,२८० फूट. तर एका मैलाला चाकाचे फेरे किती?

कर बघू वहीत!

उत्तर येतं ३६०. अगदी पुरेपूर, खाली बाकी शून्य! गणिताच्या पेपरात सुद्धा इतका सोपा आकडा मिळत नाही.

मग त्यानं चाकाच्या एका आऱ्याला लाल कापडाची चिंधी बांधली. का? फेरा पुरा झाला की चिंधी वर येणार, डोळ्यांना चटकन दिसणार! आणि स्वारी गाडीच्या बाजूनं चालत मोजू लागली. एक... दोन... तीन... सकाळपासून मुक्काम पडेपर्यंत!

त्या दिवशी फेरे भरले ४,०७०! म्हणजे ११ मैलांहून थोडं जास्त. आपल्या हिशोबात साधारण १८ किलोमीटर.

मध्येच कुणी हाक मारली असेल तर? माशी नाकावर बसली असेल तर? मी तर शंभराच्या आत चुकेन!

क्लेटनही वैतागला. हे काम यंत्रानं करायला हवं, असं तो म्हणू लागला. तुकडीत ऑर्सन प्रॅट नावाचा गणितात हुशार गडी होता. त्यानं युक्ती काढली. गाडीच्या चाकाचे सहा फेरे झाले की एक आट्यांचा दांडा एकदाच फिरेल. त्या दांड्याला भिडलेलं साठ दात्यांचं चाक. दांडा एकदा फिरला की चाक एकच दाता पुढे सरकेल. सहा गुणिले साठ किती? पुन्हा ३६०! म्हणजे दातेरी चाक एकदा पूर्ण फिरलं की झाला एक मैल!

ॲपलटन हार्मन या सुतारानं ते यंत्र घडवलं. कशाचं? लाकडाचं! चालत्या वाटेवर, मुक्कामाला थांबून. मे महिना संपायच्या आत यंत्र गाडीला लागलंसुद्धा.

आता खरं तेही सांगते. अंतर मोजणारं यंत्र जगात हे पहिलं नव्हतं. तसली यंत्रं फार जुन्या काळापासून होती. पण भर रानात, हाताशी येईल त्या लाकडातून ते करणं म्हणजे कमालच! त्या आकड्यांवरून क्लेटननं १८४८ साली एक छोटं पुस्तक छापलं. कुठे ओढा, कुठे टेकडी, कुठे पाणी, आणि तिथून पुढे किती मैल. मागून येणाऱ्या हजारो प्रवाशांना किती आधार झाला असेल!

अशी माणसं यंत्रांना घाबरतील का? पुढे ऐक.

१८६१ साली अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तारायंत्राची तार जोडली गेली. दोन्हीकडून येणाऱ्या तारा मिळाल्या कुठे? सॉल्ट लेक सिटीत! तिथून पहिला संदेश धाडला तोही ब्रिगहॅम यंगनंच. मग आला रेडिओ. १९२२ साली या चर्चच्या वर्तमानपत्रानं शहरात रेडिओ केंद्र उघडलं आणि चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष पहिल्याच दिवशी त्यावरून बोलले.

आणि १९२९ सालचा किस्सा तर भन्नाट आहे. त्यांच्या मोठ्या गायकवृंदाचं गाणं रेडिओवर द्यायचं ठरलं. शेकडो गायक, भलामोठा ऑर्गन. आणि मायक्रोफोन किती? एक! तोही छतापासून खाली टांगलेला, उंचावर. गाण्याला ते ठीक. पण निवेदकानं बोलायचं कसं?

शिडी लावून! एकोणीस वर्षांचा एक मुलगा उंच शिडीवर चढला आणि कार्यक्रम संपेपर्यंत वरच उभा राहिला! खाली गाणं, वर हा. पाय दुखले असतील बिचाऱ्याचे. तो कार्यक्रम अजूनही दर आठवड्याला चालू आहे बरं का! शिडी मात्र गेली.

आता टीव्ही. ऐकून उडशील!

फायलो फार्न्सवर्थ हा मुलगा १९०६ साली यूटातल्या बीव्हर गावाजवळ लाकडी ओंडक्यांच्या घरात जन्मला. घरचे मॉर्मन. पुढे ते शेजारच्या आयडाहो राज्यात रिग्बी गावी शेती करायला गेले. फायलो चौदा वर्षांचा असताना शेत नांगरत होता. नांगराची एक रेघ ओढली, वळला, शेजारी दुसरी रेघ. मग तिसरी. त्यानं मागे वळून पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, असं सांगतात.

चित्रही असंच पाठवता येईल! ओळीओळीनं!

कळलं नाही? हे पान आपण कसं वाचतो? आधी वरची ओळ, मग खालची, मग त्याखालची. एका टोकाला इलेक्ट्रॉनचा झोत चित्र असंच वाचेल आणि दुसऱ्या टोकाचा झोत तसंच काचेवर उमटवेल. इतक्या झपाट्यानं, की डोळ्याला ओळी दिसणारच नाहीत, सलग चित्रच दिसेल! तोवर लोक त्यासाठी भोकं पाडलेल्या तबकड्या गरागरा फिरवत होते. फायलो म्हणाला, फिरणारं काही नकोच!

शाळेतल्या रसायनशास्त्राच्या सरांना त्यानं हे आकृती काढून समजावलं. सरांनी ते जपून ठेवलं. ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या टीव्हीनं पहिलं चित्र पाठवलं. कसलं चित्र? सिनेमातला हिरो? छे! एक सरळ रेघ! फायलो तेव्हा होता एकवीस वर्षांचा. पुढे एका बड्या कंपनीनं त्याच्याशी हक्काचा वाद घातला, तेव्हा सर त्याच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी शाळेतली ती आकृती दाखवली. फायलो जिंकला!

मग कंप्यूटरमध्ये काय? तिथेही! सॉल्ट लेक सिटीतच वाढलेले डेव्हिड इव्हान्स हे पक्के मॉर्मन. १९६५ साली ते परत आले आणि यूटा विद्यापीठात कंप्यूटरचा विभाग उभा करू लागले. त्यांच्या विभागात एक विद्यार्थी होता एड कॅटमल, तोही मॉर्मन घरातला. त्यानं १९७२ साली स्वतःच्या डाव्या हाताचा साचा काढला, त्यावर शाईनं शेकडो बारीक तुकडे आखले आणि कंप्यूटरमध्ये तो हात हलवून दाखवला. 'टॉय स्टोरी' बघितलाय? तो काढणाऱ्या पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक हाच!

त्याच विभागात मार्टिन न्यूएल या इंग्रज माणसानं १९७५ साली कंप्यूटरवर एक चहाची किटली काढली. घरची खरी किटली समोर ठेवून! ती इतकी गाजली, की जगभर कंप्यूटरवर चित्रं काढायला शिकणारे आजही तीच किटली काढतात.

आता यात हसण्यासारखं काय, सांगू? मॉर्मन लोक चहा पीतच नाहीत! कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू नाही. मूळ उपदेश १८३३ सालचा. आणि कंप्यूटरमधली सगळ्यात प्रसिद्ध किटली जन्मली त्यांच्याच गावात!

मला वाटतं, घोटाळ्याची दुसरी गोम इथेच आहे. चहासुद्धा चालत नाही, मग मोबाइल कसला चालतोय, असं लोक धरून चालतात. पण चहाचा नियम वेगळा, मोबाइलचा वेगळा. मोबाइल घ्या, पण त्याच्या मुठीत जाऊ नका, असं त्यांचं म्हणणं. २०१८ साली चर्चच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी मुलामुलींना सांगितलं, सात दिवस सोशल मीडियाचा उपास करा! आणि हे अध्यक्ष, रसेल नेल्सन, आधी कोण होते ठाऊक आहे? हृदयाचे सर्जन! शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाचं काम करणारं यंत्र १९५१ साली माणसावर वापरलं गेलं, ते बनवणाऱ्या चमूत ते होते.

त्यांचे तरुण प्रचारक काळी नावपट्टी लावून दूरदेशी जातात. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. पूर्वी त्यांना घरी फोन वर्षातून साधारण दोनदाच करता यायचा. बाकी पत्रं नाहीतर ई-मेल. २०१९ पासून दर आठवड्याला आईबाबांशी व्हिडिओवरही बोलता येतं. आया किती खूश झाल्या असतील!

आणि आता सगळ्यात भारी.

सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात, ग्रॅनाइटचा कातळ पोखरून, त्यांनी १९६०च्या दशकात बोगदे खणले. दारं अशी जाड, की बॉम्ब पडला तरी आतलं सुरक्षित राहावं. आत सोनं ठेवलंय? हिरे?

नावं! आपल्या-तुपल्यासारख्या साध्या माणसांची नावं!

कुटुंब मेल्यावरही एकत्र राहतं, अशी मॉर्मनांची श्रद्धा. म्हणून पूर्वज शोधायचे आणि त्यांच्यासाठी विधी करायचे. इतर धर्मांच्या काही लोकांना हे रुचलं नाही, त्यावरून वादही झाले. पण नावं गोळा करायचा त्यांचा सपाटा बघ! १९३८ पासून ते देशोदेशी जाऊन जुन्या नोंदवह्यांचे फोटो काढू लागले. फोटो बारीक फिल्मवर, फिल्म रिळात, रिळं डोंगरात. किती रिळं? २४ लाख!

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरला गुरुजींच्या चोपड्यांत घराण्यांची नावं असतात. पणजोबा तिथे कधी गेले, बरोबर कोण होतं, सगळं! तशाच वह्या हरिद्वारच्या पंड्यांकडे आहेत. आणि हरिद्वारच्या त्या वह्यांचे फोटो काढायला कोण पोचलं होतं? यूटाची ही मंडळी!

२०२१ साली ती सगळी रिळं कंप्यूटरवर चढवून झाली. त्यातली कितीतरी पानं आता कुणालाही फुकट उघडता येतात. घरबसल्या. मोबाइलवर!